दोन घरांतल्या मुलाचा खर्च : मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना खुले पत्र

भिवंडी, जि. ठाणे

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय



विभक्त झालेल्या आईबापांनी मूल दोघांनी मिळून सांभाळायचे ठरवले, की त्याच्या पोटगीचे काय करायचे, याची ठरलेली रीत आपल्याकडे नाही. मूल निम्मा महिना बापाकडे असते म्हणून पोटगी बंद, असा आदेश होऊ शकतो. ताबा वाटून दिला तरी बापाने पूर्वीइतकीच रक्कम भरावी, असाही होऊ शकतो. आणि संमतीने घटस्फोट होत असेल तर ‘मुलाचा ताबा उभयतांकडे राहील व कोणीही कोणाकडे पोटगी मागणार नाही’ हे एक वाक्य लिहून विषय मिटवता येतो. तिन्ही वाटा मोकळ्या आहेत, कारण दोन घरांत वाढणाऱ्या मुलाचा खर्च कसा मोजायचा हे ना कायद्यात लिहिले आहे, ना न्यायालयाच्या नियमांत. हा हिशेब मांडण्याचा एक नमुना आपल्या न्यायालयाने ठरवून द्यावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. ते भिवंडीतून लिहिण्याला कारण आहे. पगारपत्रक, आठ तासांची नोकरी आणि शनिवार-रविवारची सुटी गृहीत धरून केलेली कोणतीही रीत या गावात चालत नाही. इथे जी चालेल ती राज्यात बहुतेक ठिकाणी चालेल.

आधी कायद्याची चौकट पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले आहे. 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. पुरेशी ऐपत असूनही जो आपल्या अज्ञान मुलाच्या पालनपोषणाकडे दुर्लक्ष करतो किंवा ते नाकारतो, त्याच्याविरुद्ध हा अर्ज करता येतो. म्हणजे एकाने मूल सांभाळले आणि दुसऱ्याने वाऱ्यावर सोडले, हे चित्र कायद्याच्या मुळाशी आहे. आता असा बाप घ्या, जो महिन्यातले पंधरा दिवस मुलाला स्वतःकडे ठेवतो, खाऊपिऊ घालतो, शाळेत सोडतो. त्याने दुर्लक्ष केले असे म्हणता येत नाही. पण त्याची कमाई मुलाच्या आईच्या दुप्पट असेल, तर उरलेल्या पंधरा दिवसांत आणि शाळेच्या फीमध्ये त्या आईची दमछाक होते, आणि कलम 144 तिला उभे राहायला नीट जागा देत नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 अधिक मोकळे आहे. ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबाबत न्यायालयाला योग्य वाटेल तो आदेश करता येतो. हिंदू दत्तक व पालनपोषण कायद्याचे कलम 20 तर मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही टाकते. अधिकार आहेत, पण ते वापरताना आकडा कुठून काढायचा, हे कुणी सांगितलेले नाही.

न्यायालयांनी वाट दाखवलीच नाही, असे मात्र नाही. पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मुलांचा खर्च आधी ठरवला आणि मग तो दोन्ही पालकांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, बापाचे दोन भाग व आईचा एक भाग असा वाटला. खर्च आधी, वाटणी नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे पुढे पुरेसे लक्ष गेले नाही. 2013 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा जानेवारी ते जून बापाकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे असा विभागून दिला, शनिवार-रविवारी दुसऱ्या पालकाला भेटीचा हक्क ठेवला आणि शिक्षणासह सगळा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करावा असे सांगितले. मग आले 4 नोव्हेंबर 2020 चे रजनेश विरुद्ध नेहा. हे प्रकरण आपल्याच राज्यातले, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून आणि आपल्या नागपूर खंडपीठातून वर गेलेले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळाली पाहिजे, हे दंडक त्या निकालाने घातले. मुलांबद्दलही तो बोलतो. अन्न, कपडे, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण यांचा खर्च धरावा. शिक्षणाचा भार सर्वसाधारणपणे बापाने उचलावा, पण आई पुरेसे कमावत असेल तर खर्च दोघांत प्रमाणशीर वाटता येईल. एवढे असूनही त्या निकालासोबतच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना विचारतो, की मुलांचा ताबा ज्या पालकाकडे आहे त्याचा तपशील द्या. ताबा दोघांकडे असला तर किती दिवस कुणाकडे आणि त्या दिवसांत कोण काय खर्च करतो, यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही. इतका सविस्तर पोटगीचा नमुनाही मूल एकाच घरात राहते असे धरून चालतो.

मूल दोन घरांत वाढू लागल्याचा हा बदल विधी आयोगाने ओळखला होता. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना मे 2015 मध्ये आलेल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याला कायद्यात जागा द्यावी, पालकांनी संगोपनाचा आराखडा करावा आणि मुलासाठीची रक्कम न्यायालयाने वेगळी ठरवावी, अशा शिफारशी होत्या. ती रक्कम 18 वर्षांपर्यंत आणि गरज असल्यास 25 पर्यंत देता यावी, असेही आयोगाने सुचवले होते. शिफारशींना दहा वर्षे उलटून गेली, संसदेत कायदा झाला नाही. दरम्यान न्यायालये संयुक्त ताबा आणि लांबलचक भेटींचे आदेश देत राहिली. ताबा पुढे गेला आणि पोटगीची रीत मागे राहिली.

आता मुख्य मुद्दा. वेळ निम्मा म्हणजे खर्च निम्मा, ही समजूत सोपी आहे आणि चुकीची आहे. मुलाच्या खर्चाचे तीन प्रकार असतात. पहिला मुलासोबत फिरणारा: जेवण, दूध, साबण, खाऊ, रिक्षा. मूल ज्या घरी, त्या घरी हा खर्च. दुसरा एकदाच होणारा: फी, वह्या-पुस्तके, गणवेश, क्लास, दवाखाना. मूल कुठेही झोपो, हा खर्च एकाच पालकाच्या खिशातून जातो, आणि बहुधा शाळेच्या नोंदवहीत ज्याचा फोन नंबर असतो त्याच्या. तिसरा, ज्याचा विचार कुणी करत नाही तो, दोनदा होणारा: झोपायची जागा, अंथरूण-पांघरूण, पंखा, दोन जोडी कपडे, जास्तीची खोली किंवा निदान जास्तीचे भाडे. मूल दोन घरांत राहू लागले की हा खर्च निम्मा होत नाही, दुप्पट होतो. म्हणून संयुक्त ताबा हा एका घरातल्या ताब्यापेक्षा एकूण महाग असतो, आणि पोटगी बंद करण्याचे निमित्त म्हणून तो वापरला जातो तेव्हा वाढलेला खर्च कमी कमाईच्या पालकावर पडतो.

आकडे मांडून पाहू. ते उदाहरणापुरते आहेत. समजा, बापाला महिना 24,000 रुपये मिळतात आणि आईला 12,000. मुलाचा फिरता खर्च 4,000, शाळा-क्लास-औषधाचा 3,000, आणि दोन्ही घरांत जागेचा वगैरे प्रत्येकी 1,000. एकूण 9,000. मूल महिन्यातले निम्मे दिवस प्रत्येकाकडे असते आणि शाळेचा खर्च आई भागवते. ‘निम्मा वेळ, म्हणून पोटगी नाही’ असे ठरले, तर आईचे 6,000 जातात, म्हणजे तिची अर्धी कमाई. बापाचे जातात 3,000, म्हणजे कमाईचा आठवा हिस्सा. उलट, ताबा वाटला हे विसरून मूल आईकडेच आहे असे धरले, तर एका घरातल्या 8,000 रुपयांपैकी कमाईच्या प्रमाणात दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 5,333 रुपये बाप देतो आणि वर स्वतःच्या घरात मुलावर 3,000 खर्च करतो. त्याच्यावर आठ हजारांहून जास्त भार पडतो आणि आईवर सातशेही नाही. हाही अन्यायच. आता पद्मजा शर्मा प्रकरणाचा क्रम लावा. एकूण 9,000 चे दोनास एक असे भाग केले तर बापाचा वाटा 6,000 आणि आईचा 3,000. बाप स्वतःच्या घरात 3,000 खर्च करतोच, तेवढे त्याच्या वाट्यातून वजा करा. उरलेले 3,000 त्याने आईला द्यायचे. दोघांच्याही कमाईचा बरोबर चौथा हिस्सा मुलाकडे जातो. मूल बापाकडे महिन्यातून सहाच दिवस राहत असेल, तर त्याचा घरचा खर्च 1,800 होतो आणि द्यायची रक्कम 4,200. रीत तीच, फक्त वजावट बदलते. एका पानावर मावणारा आणि दहावी झालेल्या कुणालाही तपासता येणारा हा हिशेब आहे.

यात एक सुधारणा मला आवश्यक वाटते. कमाईचे प्रमाण काढण्याआधी दोन्ही पालकांच्या स्वतःच्या गुजराणीपुरती ठरावीक रक्कम बाजूला काढावी. ऑस्ट्रेलियाच्या सूत्रात तसे करतात. आठ हजारांवर दिवस काढणाऱ्या बाईचा आणि पन्नास हजार मिळवणाऱ्या पुरुषाचा प्रत्येक रुपया सारखा नसतो. भिवंडीसारख्या गावात ही वजावट नसेल तर प्रमाणाचा न्याय कागदावरच राहील.

परदेशातल्या रीती जशाच्या तशा उचलाव्यात, असे मात्र माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये मूल पैसे देणाऱ्या पालकाकडे वर्षात किती रात्री झोपते ते मोजतात. 52 रात्रींना रक्कम एक सप्तमांश कमी होते, 104 रात्रींना दोन सप्तमांश, 156 ला तीन सप्तमांश, 175 पासून पुढे निम्मी. कॅनडात मूल 40 टक्के किंवा त्याहून जास्त वेळ दोघांकडेही असेल तर नेहमीचा तक्ता बाजूला ठेवून वेगळा विचार करतात. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काँटिनो प्रकरणात स्पष्ट केले, की त्या उंबरठ्यावर पोहोचलात म्हणून रक्कम आपोआप घटत नाही. संयुक्त ताब्याचा वाढीव खर्च आणि दोन्ही घरांची ऐपत पाहावी लागते. ही समज घेण्यासारखी आहे. रात्र मोजण्याची पद्धत घेण्यासारखी नाही. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. बापाची रातपाळी असते तेव्हा मूल ‘त्याच्याकडे’ असूनही आजीजवळ झोपते. आई गोदामात पॅकिंगला जात असेल तर तिच्या वाट्याच्या दिवसातले दहा तास शेजारीण किंवा मावशी सांभाळते. इथे रात्र कुणाची, हा वाद घालत बसण्यापेक्षा त्या दिवशीचे जेवण, रिक्षा आणि सांभाळणारीचे पैसे कुणी दिले, एवढेच विचारले तर उत्तर मिळते.

शिवाय इथल्या अनेक कुटुंबांत ताब्याची वाटणी आठवड्याची नसते, हंगामाची असते. बाप उत्तर प्रदेशचा, तेलंगणाचा किंवा मराठवाड्याचा. शाळा चालू असताना मूल आईकडे, उन्हाळ्यात आणि सणाला बापाच्या गावी. मग मे महिन्यात बाप पोटगी भरत नाही, कारण मूल त्याच्याकडे आहे. पण मे महिन्यात घरभाडे थांबत नाही, आणि जूनमध्ये लागणारी वह्या-दप्तराची रक्कम मेमध्येच जमवावी लागते. वर्षाचा एकूण हिशेब करून बारा सारख्या हप्त्यांत रक्कम ठरवली, तर हा वाद उद्भवतच नाही. गावी नेण्या-आणण्याचे रेल्वेभाडे त्याच हिशेबात बापाच्या खर्चात धरावे. तोही मुलावरचाच खर्च आहे.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. सर्वांत मोठा असा, की दिवसांची वजावट दिली म्हणजे मुलाची ओढ नसलेले बापसुद्धा पोटगी वाचवण्यासाठी ताबा मागतील. ही भीती खोटी नाही. पण ती लागू पडते ती रात्रीवर पूर्ण रक्कम हलवणाऱ्या पद्धतीला. ब्रिटनच्या पायऱ्यांत 103 रात्री आणि 104 रात्री यांत एका सप्तमांशाचा फरक पडतो, तिथे एका रात्रीसाठी भांडणे साहजिक आहे. मी मांडलेल्या रीतीत दिवसागणिक हलतो तो फक्त फिरता खर्च. वरच्या उदाहरणात दिवसाला सुमारे 133 रुपये. तेवढे पैसे मुलाला एक दिवस खाऊपिऊ घालण्यात जातातच. फी आणि घराचा खर्च जागेवरून हलत नाही. म्हणजे ताबा वाढवून मागणाऱ्याच्या पदरात नफा काही पडत नाही. आजची संदिग्धताच खरे तर त्या लोभाला खतपाणी घालते, कारण आज ‘संयुक्त ताबा’ हे दोन शब्द आदेशात आणता आले की सगळीच पोटगी सुटण्याची आशा असते. आणि कागदावर घेतलेले दिवस बापाने प्रत्यक्षात पाळले नाहीत, तर वजावट काढून घेण्याची तरतूद त्याच नमुन्यात ठेवता येईल. रक्कम बदलून घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 146 आहेच.

दुसरा आक्षेप भिवंडीत तर पहिल्या तारखेलाच ऐकू येईल: इथे उत्पन्न कळतच नाही, मग प्रमाण कशाचे काढणार? कारागिराची मजुरी मीटरवर, तीही रोख. कारखानदार म्हणतो माग बंद पडले आहेत, जॉब वर्कवर पोट भरत नाही. गोदामातला कामगार ठेकेदाराच्या हजेरीवर. हे सगळे खरे असले तरी माग बंद आहेत की चालू, हे विजेच्या बिलावरून समजते. शहरातली वीज 2007 पासून टोरंट पॉवर वितरित करते, जोडणी कुणाच्या नावावर आणि वापर किती, हे मागवता येते. मोठ्या गोदामांत अनेकांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात ज्यांच्या जमिनींवर गोदामे उभी आहेत त्यांच्याकडे भाडेकरार आहेत. जीएसटीची विवरणपत्रे आहेत, यूपीआयच्या नोंदी आहेत. यापैकी काहीच नसेल तर त्या कामाचे राज्य सरकारने जाहीर केलेले किमान वेतन हा धरण्याजोगा आकडा आहे. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करून का होईना पण बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंजू गर्ग प्रकरणात सांगितले. उत्पन्न लपवणाऱ्याबद्दल प्रतिकूल अनुमान काढण्याची मुभाही न्यायालयाला आहे. अडचण आहे ती प्रतिज्ञापत्रच न मागण्याची. रजनेश निकालानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, एका मुलीच्या पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तो निकाल पाळला जात नाही म्हणून पुन्हा सर्व उच्च न्यायालयांकडे पाठवावा लागला. नमुना ठरवून देणे पुरेसे नाही, तो भरल्याशिवाय तारीख पुढे सरकू नये, हेही बघावे लागेल.

न्यायाधीशाच्या विवेकाला सूत्रात बांधू नये, असाही एक विचार आहे, आणि तो मांडणारे लोक अनुभवी असतात. प्रत्येक घर वेगळे असते हे मान्य. अपंग मूल, गंभीर आजार, कर्जाखाली दबलेला पालक, अशा ठिकाणी सूत्रापासून दूर जावेच लागेल. पण विवेक वापरला की नाही हे कळण्यासाठी आधी हिशेब दिसला पाहिजे. आज ‘परिस्थितीचा साकल्याने विचार करता’ दरमहा अमुक रक्कम, असे लिहिलेला आदेश हाती पडला तर आईला आणि बापाला दोघांनाही कळत नाही की ती कशी आली. न कळलेली रक्कम अन्यायाची वाटते, आणि अन्यायाची वाटणारी रक्कम भरली जात नाही. मग वसुलीचा अर्ज, वॉरंट, एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी महिनाभरापर्यंतची कैद. कैदेतल्या माणसाची मजुरी बुडते आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. तक्ता जोडलेल्या आदेशात न्यायाधीशाने आकडा बदलला तरी कुठल्या रकान्यात आणि का बदलला हे वाचता येते. अपिलातही त्याचा उपयोग होतो.

आणि एक कुजबुज असते, की संयुक्त ताबा हे पुण्या-मुंबईच्या सदनिकांमधले प्रकरण आहे, चाळीत राहणाऱ्यांना त्याचे काय? वस्तुस्थिती उलटी आहे. ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्यांचेच मूल कुणाच्याही आदेशाशिवाय दोन घरांत वाढते, कारण एकट्याला सांभाळणे परवडत नाही. फरक एवढाच, की त्यांची वाटणी जमातीच्या बैठकीत किंवा समाजाच्या पंचांपुढे ठरते आणि स्टॅम्पपेपरवर नोटरीच्या शिक्क्याने बंद होते. तिथे आई मुलाच्या पोटगीवर पाणी सोडते, कधी सुटका लवकर व्हावी म्हणून, कधी मूल हातचे जाईल या धास्तीने. मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. पण ते त्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. या गावात मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हेही सांगायला हवे, की मुलाच्या पोटगीला धर्माची आडकाठी नाही. 1986 च्या कायद्यात घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला मुलासाठी दोनच वर्षांची रक्कम, असे वाचले जात होते. नूर सबा खातून प्रकरणात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलांचा स्वतःचा हक्क त्याने संपत नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचे लग्न होईपर्यंत बाप बांधील आहे. जुलै 2024 मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात घटस्फोटित पत्नीसाठीही कलम 125 चा दरवाजा उघडाच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेव्हा मी मागतो तो तक्ता कुठल्याच व्यक्तिगत कायद्याला धक्का लावत नाही. बंधन कोणत्याही कलमाखाली आलेले असो, आकडा काढण्याची रीत एक असू शकते.

हे काम संसदेचे, असे म्हणून ते पुढे ढकलता येईल. कायदा बदलणे संसदेचे किंवा विधिमंडळाचे काम आहेच. विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुले हे विषय समवर्ती सूचीत आहेत. 1999 मध्ये कलम 125 ची पाचशे रुपयांची मर्यादा महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने पंधराशेवर नेली, केंद्राने ती मर्यादा काढून टाकली 2001 मध्ये. म्हणजे हे राज्य थांबून राहिले नव्हते. पण माझी मागणी कायदा बदलण्याची नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 21 खाली उच्च न्यायालयाला नियम करता येतात. ज्या गावांत कौटुंबिक न्यायालय नाही आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, तिथल्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद 227 ने आपल्या न्यायालयाला कनिष्ठ न्यायालयांच्या कामकाजाचे सर्वसाधारण नियम करण्याचा आणि नमुने ठरवून देण्याचा अधिकार दिला आहे. एक पानाचा तक्ता हा नमुनाच आहे.

म्हणून विनंती अशी. रजनेश निकालातल्या प्रतिज्ञापत्राला जोडून मुलाच्या खर्चाचा स्वतंत्र तक्ता ठरवून द्यावा, तो मराठीत असावा, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत उर्दू-हिंदी जाणणाऱ्यांनाही तो भरता यावा अशी सोय व्हावी. फिरता, एकदाचा आणि दोनदाचा खर्च त्यात वेगळा दाखवावा. वर्षाचे दिवस कुणाकडे किती ते लिहावे. गुजराणीची रक्कम वजा करून उत्पन्नाचे प्रमाण काढावे. आणि प्रत्येक पालकाने प्रत्यक्ष उचललेला खर्च त्याच्या वाट्यातून वळता करावा. संमतीने घटस्फोट असो वा मध्यस्थीतली तडजोड, ‘पोटगी मागणार नाही’ हे वाक्य या तक्त्याशिवाय कोणत्याही न्यायालयाने स्वीकारू नये. भेट अडवली म्हणून पैसे अडवता येणार नाहीत आणि पैसे थकले म्हणून भेट अडवता येणार नाही, हे त्याच कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत छापावे, कारण वाटून घेतलेल्या ताब्यात ही अडवाअडवी दर आठवड्याला करता येते. तक्त्याचा मसुदा आपल्या न्यायालयाच्या नियम समितीने करावा. त्यावर कौटुंबिक न्यायालयांतले समुपदेशक, तालुका विधी सेवा समित्या आणि पोटगीच्या तारखांना वर्षानुवर्षे उभे राहणारे तालुक्याचे वकील यांच्या हरकती मागवाव्यात, आणि हे काम येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत पुरे व्हावे. जूनमध्ये फी कुणी भरायची हा प्रश्न दरवर्षी येतो.

आपला विश्वासू,
भिवंडीतील एक नागरिक